जुळ्या बहिणी आणि भिकार-सावकार

त्या वर्षी पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग माझ्याकडे एकाच खोलीत होते. शाळा चाकणच्या अलीकडच्या एका गावातली. तिथली शेतं बरीचशी प्लॉटमध्ये गेली होती आणि गावकऱ्यांनी घरामागच्या जागेत खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या. कंपन्यांत कामाला आलेली कुटुंबं त्या खोल्यांमध्ये राहायची. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं त्यांचीच. मी कासारवाडीहून जायचे. भोसरीला बस बदलायची आणि पुढे नाशिक रोडवर कंटेनरांच्या मागे अडकून बसायचं. त्या अडकलेल्या वेळातच मी बरेचसे पत्ते बनवले.

पत्ते अक्षरांचे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद सारख्या मापाने कापायचा, एकावर अक्षर लिहायचं, दुसऱ्यावर त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूचं चित्र काढायचं. फळ्यावरचा 'म' बघून मुलं जांभया द्यायची. तोच 'म' शेजारच्याच्या हातातून ओढून घ्यायचा असला की डोळे ताणून बघायची. लहानपणी आम्ही घरी गुलामचोर खेळायचो, तोच खेळ मी अक्षरांवर बसवला. मगर आणि म अशी जोडी जमली की मोठ्याने आवाज म्हणायचा आणि जोडी खाली टाकायची. शेवटी ज्याच्या हातात बिनजोडीचा पत्ता उरेल, तो चोर. शाळा समितीतले एक आजोबा एकदा दारात उभे राहून म्हणाले, "साळंत पत्ते व्हय, मॅडम?" मी त्यांना आत बोलावून मुलांच्यात बसवलं. ते चोर झाले, हसले आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलले नाहीत.

शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते तेव्हा त्या दोघी आल्या. जुळ्या. आईवडील मराठवाड्यातून आलेले. वडील एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे आणि आई पॅकिंगला जायची. वयाप्रमाणे दोघींना दुसरीत घातलं, पण अक्षरओळख दोघींनाही नव्हती. एक काही मिनिटांनीच मोठी होती, तरी घरात तिला थोरली आणि दुसरीला बारकी म्हणत. मीही तेच म्हणू लागले. ओळखणं अवघड नव्हतं. बारकी पुढे यायची आणि थोरली तिच्या अर्धं पाऊल मागे उभी राहायची. पहिल्याच दिवशी बारकीने मला त्यांच्या खोलीशेजारी कोण राहतं, कुणाचं कुत्रं कुणाला चावलं आणि इंजेक्शन घेताना तो माणूस कसा रडला, हे सगळं साभिनय सांगितलं. थोरली नुसती मान डोलवत होती.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थोरलीला अक्षरं आली, मग काना आला, वेलांट्या आल्या. आवाजाला आवाज जोडून ती शब्द करू लागली. पहिल्यांदा 'कपाट' वाचलं तेव्हा तिने मागे वळून वर्गातल्या कपाटाकडे पाहिलं, ते खरोखर तिथेच आहे ना याची खात्री करावी तसं. मला फार बरं वाटलं.

बारकीचं मात्र काही केल्या पुढे सरकत नव्हतं. काल आलेलं अक्षर आज कोरं. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व यांच्यात ती दरवेळी नव्याने हरवायची. एरवी पोरगी तरतरीत. बेरीज बोटं न मोजता करायची. गोष्ट एकदा ऐकली की सगळे आवाज काढून परत सांगायची. 'मगर म्हणताना आधी कुठला आवाज येतो' असं विचारलं की लगेच म्हणायची, 'म'. पण तो 'म' कागदावर आला की तिच्यासाठी मुकाच. मी वाळूत गिरवून घेतलं. तिच्या पाठीवर बोटाने अक्षर काढून ओळखायला लावलं. तिला आवडणाऱ्या गोष्टींचे वेगळे पत्ते केले, शेळी, चिंच, पैंजण. ती चित्राकडे बघून झटकन बरोबर उत्तर द्यायची, आणि चित्र झाकलं की माझ्या तोंडाकडे बघत बसायची. उत्तर माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असेल असं तिला वाटायचं बहुधा.

आमच्या भागातल्या सगळ्या शाळांना मिळून एक विशेष शिक्षक होते. मी पुन्हा पुन्हा फोन केल्यावर ते एकदा येऊन गेले. तिच्याशी बोलले, कान तपासले, डोळे तपासले, तिच्याकडून काही आकृत्या काढून घेतल्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, अडचण आहे हे दिसतंय. पण नीट तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागेल, आणि तिथेही नंबर लागायला वेळ लागतो. तोवर तुम्ही करताय ते करत राहा."

मी करत होते त्याने काही होत नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना अजून दोन शाळांना जायचं होतं.

वर्गातली बरीच मुलं शब्द वाचायला लागली होती, पण एकेक अक्षर चावून. वाचन बोलण्यासारखं वाहतं व्हावं म्हणून मी भिकार-सावकार आणला. शब्दांचे पत्ते सगळ्यांना सारखे वाटायचे. आपली पाळी आली की वरचा पत्ता उघडून वाचायचा आणि मधल्या ढिगावर टाकायचा. आधीच्या शब्दाचं पहिलं अक्षर जुळलं तर सगळा ढीग आपला. वाचायला अडखळलं तर ढीग पुढच्याचा. ज्याचे पत्ते संपले तो भिकार, ज्याच्याकडे सगळे आले तो सावकार. भरभर वाचण्यासाठी यासारखा खेळ नाही. मुलं मधल्या सुट्टीतही उठेनात.

सुरुवातीला थोरली सारखी सावकार व्हायची. आणि बारकी सगळ्यांत आधी भिकार. पत्ते संपले की ती भिंतीला टेकून बसायची आणि खेळ संपेपर्यंत दुसऱ्यांचे पत्ते मोजायची. तक्रार नाही, रडणं नाही. पण ती बडबडायची कमी झाली होती.

मग थोरली अडखळू लागली. आधी मला वाटलं तिला बरं नाही. डोळे बघितले, कपाळाला हात लावला. काल सहज वाचलेला 'पाऊलवाट' आज तिला येईना. दुसऱ्या दिवशी 'वांगी' येईना. विसरली म्हणावं तर धडा मात्र ती मनातल्या मनात वाचत होती, तिची नजर ओळीवरून सरळ पुढे जाताना मला दिसत होती. एकदा मी तिच्या अगदी समोर जाऊन बसले. तिने पत्ता उघडला. ओठ हलले, शब्द पूर्ण झाला, फक्त आवाज आला नाही. तिने बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "येत नाही." ढीग पुढच्या मुलाकडे गेला. लवकरच तिचेही पत्ते संपले. ती उठून भिंतीला टेकली, आणि बारकी सरकून तिच्या अंगाला अंग लावून बसली. "आपण दोघी भिकार," बारकी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

पोषण आहारानंतर हात धुवायला मुली नळावर गेल्या तेव्हा मी थोरलीला थांबवलं.

"तुला येत होतं ना मघाशी?"

ती हात धूत राहिली. मग म्हणाली, "येत होतं."

"मग वाचलं का नाहीस?"

"ती एकटीच भिकार होती, मॅडम."

मी नळ बंद केला आणि आम्ही वर्गात आलो.

त्यानंतर मी जे जे केलं ते सगळं फसलं. खेळाचं नाव बदलून 'ढीगपत्ते' ठेवलं. मुलं माझ्यासमोर ढीगपत्ते म्हणायची आणि मी पाठ वळवली की भिकार-सावकार. दोघींना दोन गटांत बसवलं, तर बारकी आपल्या गटातून उठून दाराशी जाऊन उभी राहायची आणि थोरली सगळा वेळ दाराकडे बघायची. दोघींना मिळून एकच वाटा दिला, तर थोरली कानात सांगायची आणि बारकी मोठ्याने म्हणायची. त्यात बारकीला आनंद होता, पण अक्षराकडे तिने बघणंच सोडून दिलं. शेवटी मी पत्त्यांचा खेळ काही दिवस बंद ठेवला. बाकीच्या मुलांनी कारण विचारलं. मी सांगितलं, पत्ते फाटलेत, नवे करायचेत.

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी त्यांची आई शाळेत आली, कंपनीच्या निळ्या ॲप्रनवरच. सुट्टी होती का विचारलं तर म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत सांगून आलेय.

"मॅडम, दाखला पाहिजे होता."

"का? गाव सोडताय?"

"नाही. बारकीचा पाहिजे."

"एकीचाच?"

"एकीचाच."

मी तिला खुर्ची दिली. ती टोकावर बसली आणि सांगत गेली. तिला आता शिफ्ट लावली होती, कधी सकाळची, कधी रात्रीची. नवऱ्याचीही रात्रपाळी असायची. शेजारची बाई एका लेकराला सांभाळायला तयार होती, दोघींना नाही. गावाकडे सासूबाई एकट्या होत्या. त्या म्हणत होत्या, एक पोरगी माझ्याजवळ राहू द्या.

"मग बारकीच का?" मी विचारलं.

"थोरलीला इथं येतंय ना सगळं. हिला काही येईना. मारून बघितलं, समजावून बघितलं. तिथं निदान आजीच्या नजरेखाली तरी ऱ्हाईल. शाळा बी घराजवळच आहे."

मी तिला सांगितलं की पोरगी ढ नाही. तिची अक्षरांशीच अडचण आहे, तिला वेगळी तपासणी लागेल, वेगळं शिकवावं लागेल. आणि काहीही करा, पण या दोघींना वेगळं करू नका. थोरली तिच्यासाठी काय करते तेही सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"घरी बी तसंच करती," ती म्हणाली. "बारकी जेवली नाही की ही पण जेवत नाही."

"मग?"

"मग तुम्हीच सांगा मॅडम, मी काय करू? तुम्ही म्हणाल तसं करते."

ती खरोखरच विचारत होती. शाळा सुटल्यावर मुली कुठे ठेवायच्या, रात्री खोलीत त्यांच्याजवळ कोण झोपेल, पुण्याला तपासणीला कुणी आणि कधी न्यायचं, यातल्या एकाही प्रश्नाला मला हात लावता येत नव्हता. मी तिच्यासाठी चहा मागवला. तो यायच्या आत तिची वेळ झाली. मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या मॅडमनी दाखला करून दिला.

बारकीच्या शेवटच्या दिवशी तिनेच पत्ते मागितले. मी पेटी उघडली. त्या दिवशी मुलं शहाण्यासारखी वागली, कुणी तिला घाई केली नाही, कुणी भिकार म्हटलं नाही. शाळा सुटताना मी पत्त्यांचा एक गठ्ठा रबर लावून तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

"ने ना, तुझ्यासाठीच आहेत."

"नको मॅडम. तिथं कुणाबरोबर खेळू? आजीला नीट दिसत नाही."

थोरली दप्तराचा बंद धरून तिच्या मागे उभी होती. दोघी फाटकातून बाहेर गेल्या. तिथे वडील मोटारसायकल घेऊन थांबले होते. ते मला बघून उतरले, हात जोडले. मीही जोडले.

पुढे काही दिवस थोरली शाळेत आली नाही. आली तेव्हा खिडकीजवळच्या जागेवर एकटी बसली. मुलांनी खेळ मांडला होता, मी तिला आग्रह केला नाही, ती आपणहून येऊन बसली. पाळी आली की पत्ता उघडायची आणि वाचून टाकायची. कुठेही न अडखळता, अगदी बोलल्यासारखं. आवाजात चढउतार नाही, कुणाकडे बघणं नाही. ढीग तिच्यासमोर जमत गेला. सगळे पत्ते तिच्याकडे आल्यावर तिने ते सारखे करून पेटीत ठेवले.

वाहतं वाचन म्हणून मी ज्याच्यामागे वर्षभर लागले होते ते हेच होतं. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला पुस्तकातलं कुठलंही पान उघडून दिलं, तिने वाचलं. साहेब म्हणाले, "मॅडम, चांगली तयारी करून घेतलीत." बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला जागेवर जाऊन बस म्हटलं.

बारकीच्या गावच्या शिक्षकांचा नंबर मी तिच्या आईकडून घेतला होता. त्यांना फोन करून सगळं सविस्तर सांगितलं, काय केलं, काय जमलं नाही, कोणत्या अक्षरांपाशी ती थांबते. ते चांगले गृहस्थ वाटले. म्हणाले, "बघतो मॅडम, पण मी इथे चारही वर्गांना एकटाच आहे." मी म्हटलं, हो, मला कल्पना आहे. नंतर पुन्हा एकदा फोन केला तेव्हा म्हणाले, पोरगी गोड आहे, गोष्टी छान सांगते. वाचनाचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

थोरली पुढच्या वर्षी तिसरीत गेली आणि शेजारच्या वर्गात बसू लागली. मधल्या सुट्टीत कधी कधी व्हरांड्यात दिसायची. एकदा मी तिला विचारलं, बहिणीशी बोलणं होतं का.

"रविवारी फोन लावते आई."

"काय म्हणते ती?"

"शेळीला दोन पिल्लं झाली म्हणाली. एक काळं आहे."

"आणि तू काय सांगतेस?"

"मी ऐकते," ती म्हणाली, आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेली.