न मागितलेली माफी

ऑर्विल स्टेम्पल आणि मी बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसून निवडणुका घेतल्या. आमच्या ओहायोत मतदान केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं लागतात; तो हत्ती चिन्हवाल्यांचा, मी गाढव चिन्हवाल्यांची. मतदानाच्या सकाळी आमच्या केंद्रात, चर्चच्या तळघरात, शिरले की तो हमखास विचारायचा, "काय थेल्मा, गवत खाऊन आलीस ना?" एरवी तो कपबश्यांच्या कारखान्यात भट्टीवर असायचा. माणूस सरळ, पण भाजून निघालेल्या बशीसारखा. वाकणं ठाऊक नाही.

सत्तर साली त्याचा मुलगा लोवेल युद्धाची सक्तीची भरती चुकवून कॅनडात पळाला. ऑर्विलने निरोप धाडला, "माफी मागितल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही." लोवेलने उलट कळवलं, चूकच केली नाही तर माफी कसली? बापापेक्षा बेटा सवाई. मधल्या मध्ये त्याच्या आईचे, जिनिव्हाचे, हाल झाले.

चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात एका रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. जिनिव्हा ॲपल पाय कापत होती. रेडिओवर बातमी आली, की भानगडीपायी खुर्ची सोडलेल्या हत्तीवाल्या राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच पक्षाच्या नव्या राष्ट्राध्यक्षाने सगळं माफ करून टाकलं.

"बरं झालं," ऑर्विल म्हणाला. "किती दिवस तेच उगाळायचं?"

जिनिव्हाने सुरी खाली ठेवली. "त्यानं मागितली होती का रे माफी?"

ऑर्विलने उठून रेडिओ बंद केला. आठवड्याभरात सरकारने पळालेल्या पोरांसाठीही योजना काढली, पण त्यांनी म्हणे दोन वर्षं राबून माफी कमवायची. लोवेल नाही म्हणाला.

पुढच्या एप्रिलात जिनिव्हा गेली. अटकेच्या धास्तीने लोवेलला मातीला येता आलं नाही. त्याने माझ्याकडे फोन करून विचारलं, "थेल्मामावशी, आईला कुठला ड्रेस घातलाय?" मी म्हटलं, निळा. ऑर्विलचा मला तेव्हा भयंकर राग आला होता, आणि तो सगळा अजूनही गेलेला नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात कारखाना बंद पडला. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्या रांगेत दुसरा विषयच नव्हता.

"घरात चूल थंड, आणि हत्तीला कसलं मत देता?"

"चुलीचं सोड रे, तो चोर सुटला त्याचं काय?"

ऑर्विल मात्र ठाम होता. "कारखाना परदेशी स्वस्त कपांनी बुडवला, राष्ट्राध्यक्षानं नाही." आमचा उमेदवार म्हणत होता, निवडून आलो तर कॅनडातल्या पोरांना माफ करीन. त्याबद्दल ऑर्विलने चकार शब्द काढला नव्हता.

दुपारी रांग आटली तेव्हा तो मत द्यायला पडद्याआड गेला. आमच्या मतयंत्रावर उमेदवाराच्या नावाचा खटका खाली करायचा; पडदा उघडणारी मोठी दांडी ओढेपर्यंत मन बदलता येतं. एरवी अर्ध्या मिनिटात बाहेर येणारा हा माणूस. आत एक खटका खाली गेला. मग वर. पुन्हा खाली. शेवटी नियमाप्रमाणे मला म्हणावंच लागलं, "ऑर्विल, वेळ झाली."

"थांब गं जरा." आवाज ओला होता.

मग दांडी ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तो पेन्सिलींना टोक करत बसला. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

राज्याचा निकाल इतका अटीतटीचा लागला, की आमचा उमेदवार सरासरी एका केंद्रामागे एका मताहूनही कमी फरकाने जिंकला. हत्तीवाल्यांना महागाईने पाडलं की भानगडीने, यावर लोक अजून भांडतात. मी त्या पडद्याबाहेर उभी होते. मला ते वेगळं काढता येत नाही.

जानेवारीत, शपथेच्या दुसऱ्याच दिवशी, नव्या राष्ट्राध्यक्षाने पोरांना माफी दिली. फेब्रुवारीत ऑर्विल मला सोबत म्हणून बसस्टँडवर घेऊन गेला. लोवेल उतरला. केस विरळ झाले होते.

"बाबा, मला माफ—"

ऑर्विलने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तू नको रे. तू नको."

घरी न जाता आम्ही आधी दफनभूमीत गेलो. बर्फात जिनिव्हाच्या कबरीचा दगड शोधावा लागला. ऑर्विलने उघड्या हातांनी नाव मोकळं केलं.

"जिनिव्हा, आणला गं याला," तो म्हणाला. "उशीर केला मी. माफ कर."

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आणि माफी द्यायला ती नव्हती.