पोचल्याचा फोन

आबिड्सच्या आमच्या ऑफिसात दोन टेबलं. एकावर बाबांच्या काशी-प्रयागच्या यात्रा, दुसऱ्यावर माझा धंदा. जोडीनं राहणारे पुरुष, जोडीनं राहणाऱ्या बायका, यांच्या सहली मी ठरवतो. बाबांना सांगितलं होतं, कंपन्यांचे ग्रुप असतात. मीही त्या पुरुषांतलाच, हे तर त्यांच्या गावीही नव्हतं. चाळिशी आली तरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालूच होतं.

माझं निम्मं काम फोनवर. दोन बायकांना एकच पलंग द्याल का, नोकर दाराशी खिदळणार नाहीत ना, हे हॉटेलला आधीच विचारायचं. बहुतेक जण फोन आपटायचे. उरलेल्यांच्या जिवावर सहा वर्षं काढली. लोक डोळे मिटून भरवसा ठेवायचे, आणि मी माती खाल्ली. वेगळा फॉर्म छापायचा आळस केला, बाबांचाच यात्रेचा फॉर्म वापरला. त्यात घरच्या फोनची ओळ होती.

बरकतपुऱ्याची एक मुलगी आपल्या मैत्रिणीबरोबर चार दिवस कूर्गला निघाली. घरी सांगितलं होतं, चेन्नईला बँकेचं ट्रेनिंग आहे. बँकेतली ती, फॉर्मातली एकही ओळ रिकामी सोडली नाही. मी बघितलंसुद्धा नाही, गाढव कुठला!

बाबांची एक रीत आहे. यात्रेकरू मुक्कामी पोचले की ते स्वतः एकेकाच्या घरी फोन करतात. दोघी पोचल्या त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो आणि त्यांची फाइल टेबलावर उघडी होती. हॉटेलचा फोन बाबांनी घेतला. मी परत आलो तर स्वारी खुशीत.

"तुझ्याही गिऱ्हाइकाच्या घरी कळवून टाकलं. दोघी कूर्गला सुखरूप पोचल्या, एकाच खोलीत आहेत, परेशान होऊ नका म्हटलं."

मी त्या मुलीला फोन लावला, पण तिच्या भावाचा फोन आधीच जाऊन धडकला होता. त्याच रात्री तो गाडी घेऊन निघाला. महिन्याभरात नांदेडकडं तिचं लग्न लावून दिलं. नोकरी सुटली, नंबर बंद झाला.

मैत्रीण एकदा ऑफिसात आली. वाटलं, आता शिव्या घालणार, आणि घालायलाच हव्या होत्या. तिनं फक्त तो फॉर्म मागितला. तिच्या हातचं लिहिलेलं दुसरं काहीच उरलं नाही, म्हणाली. बाबांनी तिच्यासाठी चहा मागवला होता, तो तसाच राहिला.

ती गेल्यावर बाबांनी गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझं काही चुकलं का रे?"

माझ्या टेबलावर काय चालतं हे त्यांना एकदा, एकदाच सांगितलं असतं, तर त्यांनी त्या फोनला हात लावला नसता. एवढं मला तेव्हाही कळत होतं.

"नाही बाबा," मी म्हणालो, "तुमचं काही नाही चुकलं."

बरं, म्हणाले. काशीची मंडळी पोचली होती, ते त्यांच्या घरी फोन लावायला बसले.