दहा मिनिटं पुढचं घड्याळ

मी जन्माचा भित्रा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोंढ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि वनरक्षकाच्या भरतीला जाणाऱ्या गावातल्या पोरांसोबत चालायचो. भरतीत पंचवीस किलोमीटर चार तासांत पार करावे लागत. पोरं सुरुवातीलाच जोशात धावायची आणि अर्ध्या वाटेत गळायची. घड्याळ बघत एका चालीने पुढे चालणारा कोणीतरी हवा असे. ते काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. स्वतः कधी नापास झालो नव्हतो, पण दुसऱ्याच्या नापास होण्याची मला सतत धास्ती असायची.

त्या धास्तीपायीच मी मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचो. उमेदवाराला वाटावं उशीर झाला, आणि त्याने पाय उचलावेत. हे गुपित आहे असा माझा समज. शाळेची घंटा त्याच घड्याळावर वाजते आणि सगळं गाव ती ऐकतं, हे माझ्या हुशार डोक्यात कधी आलंच नाही.

त्या वर्षी सोबत होता घरामागचा शेजारी. धानाची थोडी शेती, दोनदा भरतीत हुकलेला. पुढच्या वर्षी त्याचं वय निघून जाणार होतं. महिनाभर त्याने तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, माझ्यामागे चकरा मारल्या होत्या.

भरतीची चाचणी शहापूरला होती. तिथून हायवेने साडेबारा किलोमीटर जायचं नि तेवढंच परत यायचं. सकाळी सहाला वनखात्याचे साहेब शिट्टी घेऊन उभे राहिले. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ पाहून मला शंका आली. हिशेबात माझाच गोंधळ उडाला तर? मी गुपचूप घड्याळ त्यांच्याशी जुळवून घेतलं. शेजारी तेव्हा छातीवर नंबर लावून घेत होता. त्याला सांगितलं नाही. उगाच बिचकेल, असं वाटलं.

बावीस किलोमीटर छान गेले. तीन उरले तेव्हा हातात अठ्ठावीस मिनिटं होती. न थांबता चाललो असतो तर जेमतेम जमलं असतं. त्याने माझ्या घड्याळात डोकावून पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला बसकण मारली. बूट काढले. टाचेला मोठा फोड आला होता.

"ऊठ, उशीर होऊन राहिला!"

"गुरुजी, कायले घाबरून राहिले? धा मिनिटं आहेत ना आपल्याजवळ. तुमचं घड्याळ पुढं असते, हे शाळेतल्या पोट्ट्यायलेही मालूम आहे."

खरं सांगितलं तर याचा धीर सुटेल, नाही सांगितलं तर वेळ जाईल. बाजूने ट्रक जात होते आणि मी नुसता सेकंदकाटा बघत उभा. खरं सांगायचीच भीती वाटत होती. त्यात तीन मिनिटं गेली.

"आज बरोबर लावलं आहे," मी शेवटी म्हणालो.

तो ताडकन उठला. बूट हातात घेऊन तसाच अनवाणी धावत सुटला. मी मागे राहिलो. पोचलो तेव्हा साहेबांनी वही मिटली होती. शेजारी दीड मिनिटाने हुकला होता.

परतीच्या एसटीत मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. नंतर वर्षभर त्याच्या दारावरून जायचं टाळलं. लांबच्या वाटेने शाळेत जायचो.

पुढची भरती निघाली तेव्हा तोच माझ्या दारात आला. सोबत धाकटा भाऊ. मला वाटलं, आता हिशेब चुकता करणार.

"गुरुजी, याच्यासंग आपण दोघंही चालू," तो म्हणाला. "घड्याळ पुढं ठेवा, मांगं ठेवा, तुमची मर्जी जी. फक्त आमाले सांगजा."