धोक्याची पाटी

पाषाण अमर असतो, असं मंत्र्यांच्या भाषणात ठरलं. त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे साहेब महागावकडच्या हेमाडपंती देवळाची प्रकृती तपासायला येऊ लागले. दगडी तुळईच्या भेगेवर काचपट्टी चिकटवायची. दगड सरकला की काच फुटते. पट्टी शाबूत दिसली की ते त्याच तुळईखाली, सावलीत डबा खात.

भंडाऱ्याच्या दिवशी काच फुटलेली निघाली. साहेबांनी ‘धोका’ अशी पाटी लावली. गावाने ती बाजूला सरकवून आतच पंगत मांडली. साहेब वाद न घालता डबा घेऊन भर उन्हात बसले.

“काहून साहेब, उन्हात जेवून राह्यले?” वाढणाऱ्या काकांनी विचारलं.

“आत भेव वाटते, काका.”

“साहेबच भेऊन राह्यले! उचला रे पत्रावळी!”

पंगत बाहेर बसली. वरणाच्या पातेल्यावर झाकण म्हणून तीच पाटी होती.