डावी कड

मामा फळीवरून पडला, असा मिरकरवाड्यातून फोन आला तेव्हा मी आधी हसलेच. तीस वर्षं माझा मामा होड्यांचा सुतार. धक्क्यावरून होडीवर टाकलेल्या एका फळीवरून, खांद्याला हत्यारांची पिशवी लावून, तो रोज चढायचा-उतरायचा. तो पडेल कसा? पण फोनवरचा त्याचा जोडीदार हसत नव्हता. "डाव्या कडेवरनं पाय गेला गो…" एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. या गोष्टीला दीड महिना झाला.

बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. आई मला घेऊन पूर्णगडला माहेरी आली आणि मामाच्या पडवीचा एक कोपरा आमचा झाला. आई कोळंबी सोलायला जायची. संध्याकाळी बोटांना खोबरेल लावून बसायची, कारण सालं निघालेल्या बोटांनी तिला भाकरी थापता यायची नाही. मग मामीच आमच्याही भाकऱ्या थापायची. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मामाची तर चौथीही पुरी झालेली नव्हती. मी बारावी झाले, रत्नागिरीच्या कॉलेजात नाव लागलं, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि पूर्णगडहून रोज एसटीनं जाणं जमणारं नव्हतं. शाळेपासून मी धनुष्यबाण चालवायचे. कॉलेजच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या खोलीत राहता येईल, असं तिथले सर म्हणाले. नाही झाली तर मी घरी बसणार होते. आईनं कोळंबीच्या शेडमध्ये माझ्यासाठी विचारूनही ठेवलं होतं.

माझ्याकडचं धनुष्य जुनं, बांबूचं, मऊ पडलेलं. बाण लक्ष्याच्या अलीकडेच पडायचे. जास्त ताणाचं मला ओढवत नव्हतं आणि विकतचं आम्हाला परवडणारं नव्हतं. आतून पोखरलेल्या लाकडी धनुष्याचा फोटो मी मामाला फोनवर दाखवला. मुठीच्या वरची आणि खालची पाती पोखरलेली, त्यामुळे हलकी, आणि हलकी म्हणून झटकन परतणारी. मामानं फोन लांब धरून बघितलं. "ही तर पन्हळ हाय की गो! पोफळीची पन्हळ बागेत पाण्याला लावतात, तशी. जमेल."

त्यानं धामणीचं लाकूड आणलं. बाहेरून तासून झालं की गोल पटाशीनं आतून कोरायचं, मग काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या, सारख्या जाडीच्या हव्यात. थोडं कोरलं की तो पात्यावर नखानं टिचकी मारायचा आणि कान लावायचा. "मोडायच्या आधी लाकूड एकदा बोलतं," म्हणायचा. "तवा थांबायचं." होडीवाल्यांत रीत आहे, नवी होडी पाण्यात गेली की बांधणारा सुतार आधी तिच्यात बसतो. मामानं तीच रीत इथं लावली. त्याचे शंभर ताण झाल्याशिवाय धनुष्य माझ्या हातात द्यायचं नाही.

पहिलं धनुष्य साठाव्या ताणाला मोडलं. मामाचा एक दात पडला, ओठातून रक्त आलं. मामी ओरडली, "पोरीला शिकवतंस की स्वतःला मारतंस?" तो म्हणाला, "दातच हाय, दुसरा हाय त्याच्या शेजारी." दुसरं मोडलं तेव्हा भुवई फुटली. आईनं माझ्याकडे बघितलं. तिसरं मात्र सुंदर झालं होतं, पातळ, आणि कडा उजेडासमोर धरल्या तर एकसारख्या दिसायच्या. निवडीला आठ दिवस होते. अंगणात मामा ताण देत होता, नव्वदच्या पुढे आकडा गेला होता. तेवढ्यात टक्… असं बारीक वाजलं. मी ऐकलं. त्यानंही ऐकलं, कारण तो थांबला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मामा, अजून ओढ. मला हनुवटीपर्यंत लागतं."

त्यानं ओढलं.

डाव्या डोळ्यावर पंचा दाबून तो कितीतरी वेळ तुळशीपाशी बसून होता. बारीक ढलपी गेली, धुतलं, सूज उतरेल, म्हणाला. तिसऱ्या दिवसापासून चौथं कोरायला बसला. या वेळी टिचक्या जास्त, बघणं कमी. डोळे मिटून अंगठा फिरवायचा. झालं तेव्हा मी ते हातात घेतलं आणि शिकलेल्या माणसाच्या तोऱ्यात म्हणाले, "डावी कड जाड राहिली की रे." मामा म्हणाला, "ऱ्हाऊंदे. तू बाणाकडं बघ."

ते शंभर ताणांना टिकलं. बाण जरा डावीकडे जायचे, मी उजवीकडे धरायला शिकले. निवड झाली. पुढं सुट्टीत घरी यायचे तेव्हा मामा चहा कपाच्या बाहेर ओतायचा, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. वय झालं, म्हणून आम्ही हसायचो. रस्त्यानं चालताना मला नेहमी डाव्या हाताला घ्यायचा. "तू हिकडनं चाल." मला वाटायचं, भाचीचे लाड.

मामाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामीला विचारलं, "एवढा सवयीचा माणूस फळीवरनं पडला कसा गं?" मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या डोळ्यानं त्याला दिसत कुठं होतं? तिसरं मोडलं तेव्हापासनं नव्हतं. शपथ घातली होती मला. पोरीला कळलं तर ती धनुष्य हातात धरायची नाय, म्हणाला."

मी एक डोळा झाकून बघितलं. सरळ रेघ दिसते. किती खोल, ते नाही दिसत. चौथं धनुष्य त्यानं खोली न दिसता कोरलं. डावीकडे पटाशी आणखी घालायची त्याला भीती वाटली असणार. त्या जाड राहिलेल्या कडेमुळेच बहुतेक ते टिकलं. आणि तिसऱ्याच्या वेळचा तो आवाज मी ऐकला होता, हे मी अजून आईला सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

धनुष्य पडवीत खुंटीला आहे, दोरी उतरवलेली. वापर झाला की दोरी उतरव, असं तो दर वेळी बजावायचा. जाता-येता माझा अंगठा डाव्या कडेवरून फिरतो. ते अजून मोडलेलं नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.