अंगणातला समुद्रकिनारा

आयुष्यात मी एकच बाग केली, आणि तिला पहिल्याच हंगामात बोंबील लागले.

अणुवीज केंद्राच्या बांधकामावर नकाशे काढायची नोकरी लागली, म्हणून सोलापूर सोडून आम्ही नवराबायको घिवलीत जानीबाय कोळणीकडे भाड्याने राहिलो. सुमनला काही केल्या करमेना. दारात वारा आणि घरात मी! (दोघांची बडबड सारखीच, असं तिचं मत.) सहा महिन्यांनी तिने वडिलांना लिहिलं, "आप्पा, मला न्यायला या." उलट टपाली उत्तर आलं : रविवारी येतो, ट्रंक भरून ठेव.

माझं धाबं दणाणलं. काहीतरी अचाट केल्याशिवाय बायको थांबत नाही! मग मी अंगणातच आरामाची बाग करायला घेतली. बैलगाडीभर वाळू ओतली, शिंपल्यांची वाट केली, केळी लावल्या, आरामखुर्ची मांडली. वर झावळ्यांचं छत हवं म्हणून आठ बांबू रोवून दोऱ्या ताणल्या, त्यासुद्धा नकाशा काढून, पट्टी लावून! झावळ्या तेवढ्या राहिल्या आणि रविवारी सकाळी मी आप्पांना आणायला बोईसर स्टेशनवर गेलो.

आप्पा कडक शाकाहारी. चातुर्मासात त्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नसे. वाटभर मी त्यांना बागेचं वर्णन ऐकवलं आणि ऐटीत फाटक उघडलं.

दोरीदोरीवर बोंबील! एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. ना गाठ, ना सुतळी. वारा आला की सगळे एकदम हलत आणि उन्हात चांदीसारखे चमकत. खरं सांगतो, नोकरी, बायको, सासरा, सगळं विसरून मी आ वासून पाहत राहिलो. मग वास आला.

"भाऊ!" जानीबाय टोपली घेऊन धावतच आली. "माज्या बोंबील वाळवायच्या वलांड्या वादळात पडल्या, तर तुमी न सांगता नव्या बांधून दिल्या! अशी सरळ दोरी आमच्या सात पिढ्यांत कोनी बांधली नाय!"

आप्पांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. "सुमे, ट्रंक आण. आत्ताच्या आत्ता निघू!"

सुमन बाहेर आली ती पदर खोचून, हातात काठी घेऊन. "कशी येऊ, आप्पा? जानीबाय बाजाराला चालल्यात, हे सगळं माझ्या भरवशावर टाकून. वाळायला तीन दिवस लागतात. कावळे बघा कसे टपलेत!"

"आणि तीन दिवसांनी?"

"दुसरी खेप!"

सहा महिन्यांत ती सलग एवढं बोलली नव्हती. मला अगदी भरून आलं. आप्पा एकटेच परत निघाले, पण फाटकाशी थबकले. "जावईबापू, गाठ न मारता हे टिकतात कसे हो?"

"जबड्यात जबडा अडकवून, आप्पा!" मी म्हणालो. पुढे बागेत आराम भरपूर झाला. सुमन आरामखुर्चीत, जानीबाय वाळूवर, आणि दोघींच्या गप्पांना खंड नाही! मी कामावरून आलो की माझ्या हातात काठी. बागेचा नकाशा मी अगदी चोख काढला होता; बुजगावण्याची जागा तेवढी दाखवायची राहिली होती.