सुपातले खडे

साखर कारखाना सुरू झाला आणि मळीचा आंबूस, कुजका वास गावावर पसरला, की मला अजून शिसारी येते ती त्या सुपाची. लग्नानंतरचा दुसरा हिवाळा होता. थंडी पडली की माझं मन मरगळायचं. उठावंसं, बोलावंसं, जेवावंसं काही वाटायचं नाही. नेवाशाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज सकाळी उन्हात बसत जा. पण ऐन ऊसतोडीत सून अंगणात नुसतीच बसलेली कुणाला खपणार? सासूबाईंनी पहिल्याच दिवशी गव्हाचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. "निवडत बस. रिकामी दिसलीस तर लोक काय म्हनतील?" वरून कारखान्याची काजळी गव्हावर, पदरावर, ओठांवर पडायची. चार-सहा दिवसांत गव्हात वेचायला काही उरलं नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "एकच सूप किती दिस निवडतीस गं?" दुसऱ्या सकाळी मी जरा लवकर बाहेर आले, तर सासूबाई सुपावर वाकलेल्या. मी वेचून वाटीत टाकलेले खडे, किडके दाणे, उंदराच्या लेंड्यासुद्धा त्या मुठीनं परत गव्हात कालवत होत्या. मला बघून हसल्या. "आता दिसंल काम केल्यावानी." मी ते सूप कोंबड्यांपुढं पालथं केलं आणि रिकाम्या हातांनी उन्हात बसले. अजूनही हिवाळ्यात तशीच बसते. येणारं-जाणारं कुणी विचारतंच, "काय करतीस गं?" मी सांगते, "ऊन खाते."